साळूबाईचं पथ्य

काचेची नळी ज्योतीवरून उतरवली, तरी आतलं तपासणीचं पाणी निळंच राहिलं. अन्वर डॉक्टरांनी ती उजेडात धरली, हलवली आणि ते चक्क हसले. लघवीत साखर असती, तर ते विटेसारखं तांबडं झालं असतं. सहा महिन्यांपूर्वी झालंच होतं.

"साळूबाई, साखरेचा मागमूस नाही. जिंकलं माझं औषध!"

साळूबाईनं पदर सावरला आणि जमिनीकडे पाहिलं. त्या औषधाचा थेंबही तिच्या पोटात गेलेला नव्हता. पहिला घोट तिनं तिथल्या तिथं थुंकला होता, इतकं ते कडूजहर. तेव्हापासून बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीप्रमाणे रोज एका खुणेइतकं औषध, अगदी इमानानं, ती परसातल्या केळीला घालत होती. केळीलाही ते मानवलं नव्हतं.

पण ही लबाडी मनाला टोचायची. औषध ओतून द्यायचं आणि वर ताटभर भात चापायचा, हे काही खरं नव्हे. म्हणून तिनं आपल्या मनानंच भात सोडला, गूळ सोडला, भाकरी चतकोरावर आणली. बाकी पालेभाजी, सुकट, अंडी आणि ताक. डॉक्टरांनी तर "औषध घ्या आणि हवं ते खा" म्हणून सांगितलेलं. आता त्यांना खरं सांगायचं तरी कसं? साऱ्या भोरात असा देवमाणूस नाही, आणि दोन वर्षं खपून त्यांनी ते औषध काढलेलं. एखाद्याचं मन राखायला गप्प बसलं, तर कुणाचं काय बिघडतं?

तिनं पिशवी पुढे सरकवली. "माह्यारचा, गुंजवण्याचा आंबेमोहोर हाय. नवा. ठिवा."

"आज हाच शिजवायचा," डॉक्टर म्हणाले. "तुम्हांला म्हणून सांगतो. तुमचं दुखणं तेच माझं. पायाची जखम दोन महिने भरत नाही. पण तुमची नळी पाहिली आणि धीर आला. आजपासून मीही हेच औषध घेणार आणि पोटभर भात खाणार. खुर्शिदा, भात टाक गं."

आतून त्यांची बायको आली आणि पिशवी उचलून चालू लागली. साळूबाईनं धावत जाऊन पिशवी धरली. मन राखता राखता माणूस हातचा जायचा.

"थांबा वैनी," ती म्हणाली. "डाक्टरसायब, म्या औशद घेतलंच न्हाई. भात सोडलाय. सा म्हैनं झालं, तोंडात शीत न्हाई."

आता बोलणी खायची, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. पण डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी निळ्या पाण्याची ती नळी खाली ठेवली. मग उठले, पिशवी ठेवून घेत बायकोला आत पाठवलं, दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि लंगडत येऊन रोग्यांच्या बाकावर टेकले.

"नऊ वर्षं सोडायचा म्हणतोय मी भात," ते म्हणाले. "चार दिवस टिकत नाही. स्वतःला जमेना, ते रोग्यांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून तर औषध काढत बसलो."

मग आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "भाताचा वास सुटला म्हणजे काय करता हो तुम्ही?"