छातीवरचं रफू

कतारगामच्या योगराजभाऊंना युद्धातल्या वस्तू जमवायचा भारी नाद. भिंतीपाशी उभं करून गोळी घातलेल्या एका कैद्याचा कोट त्यांनी दिवाणखान्यात टांगला होता. पाहुणा आला की त्याला छातीवरच्या भोकात बोट घालायला लावत.

अस्तर उसवलं म्हणून त्यांनी कारखान्यात साड्या रफू करणाऱ्या सुषमाला बोलावलं. तिने भोकही बुजवून टाकलं.

"माणसाची जखम अशी उघडी टांगू नये, भाऊ."

भाऊ भडकले, पण कोट चाचपून थक्क झाले. धागा न् धागा जुळलेला. भोक कुठे होतं तेच सापडेना.

"काय हात आहे गं तुझा!"

सुषमा त्यांच्या सदऱ्याकडे बघत होती. छातीवर तेवढंच गोल भोक पडलं होतं. कडा अजून धुमसत होत्या.

तिने शांतपणे सुई ओवली. "हलू नका, भाऊ."