खिशातलं चित्र

"काल रात्री ही कुठे झोपली?"

टेबलापलीकडच्या ओफेलियाबाईंनी अगदी सहज विचारलं आणि एर्मिनियानं शेजारी बसलेल्या लेकीला जवळ घेतलं. पत्ता, जन्माचा दाखला, लसींचा कागद, सगळ्याची तयारी करून ती शाळेच्या कचेरीत आली होती. झोपेबद्दल कुणी विचारेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"घरी," ती म्हणाली. "कागदावर लिहिलंय ना, तिथंच."

कागदावर होता तो तिच्या लेकीच्या, यारेत्सीच्या, बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेचा पत्ता. हंगामामागे गावोगाव फिरणारी मजूर माणसं टपालासाठी असा पत्ता उसना घेतातच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण धर्ममातेचं दोन खोल्यांचं घर कालव्यापलीकडे होतं, आणि कालव्यापाशी एका शाळा-मंडळाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होत होती. पलीकडच्यांनी माणूस पाठवून पाहिलं. घरात नऊ माणसं सापडली, ही पोर नव्हती. त्यांनी कळवलं, इथे राहत नाही, आमची नाही. अलीकडचे, म्हणजे या शाळेचे, म्हणाले, पत्ता तुमच्याकडचा, मूल तुमचं. एरवी कुणीही एखाद्या वर्गात एक बाक सरकवून दिला असता. पण आठ वर्षांची यारेत्सी बोलत नव्हती, तिला फिट यायची, आणि दिवसभर, अगदी बसमध्येसुद्धा, तिच्याजवळ एक माणूस लागायचं. असं मूल गळ्यात पडायला कोण तयार होतंय? अकरा दिवस नुसती पत्रं इकडून तिकडे जात होती.

ते अकरा दिवस यारेत्सी बागेच्या कडेला व्हॅनमध्ये बसून होती. एर्मिनिया शिडीवर चढून सफरचंदाच्या झाडावर दाटी झालेली कोवळी फळं खुडायची आणि घडोघडी खाली बघायची. मंगळवारी तिनं बघितलं तर खिडकीत डोकंच दिसेना. ती शिडीवरून उतरून धावत पोचली तेव्हा पोर सीटखाली पडली होती आणि तिचे ओठ निळे झाले होते. म्हणून आज ती मजुरी बुडवून इथं आली होती.

पण खरं सांगायची सोय नव्हती. बागमालकाच्या मजुरांसाठीच्या खोल्या चेरीची तोडणी लागल्याशिवाय उघडत नाहीत, तोवर मायलेकी व्हॅनमध्येच झोपत होत्या. रोज उजाडायच्या आत एर्मिनिया व्हॅन हलवायची, कुणाच्या नजरेत यायला नको म्हणून. शेजारच्या शिडीवरची चायो तिला बजावून होती, "गाडीत झोपता हे तोंडातून काढलंस ना बाई, तर संध्याकाळपर्यंत पोर सरकारच्या ताब्यात. माझ्या चुलतबहिणीच्या शेजारणीचं असंच झालं." त्या शेजारणीला कुणी पाहिलं नव्हतं. घाबरायला तेवढी पुरेशी होती.

ओफेलियाबाई खुर्ची सरकवून यारेत्सीसमोर वाकल्या. "तू सांग गं राणी. काल कुठे झोपलीस?"

यारेत्सीच्या मांडीवर तिची चित्रांची वही होती, आधीच्या गावच्या शाळेनं करून दिलेली. वहीतली चित्रं काढून पट्टीवर एकापुढे एक चिकटवायची, हेच तिचं बोलणं. सकाळी एर्मिनियानं वहीतलं व्हॅनचं चित्र काढून खिशात घातलं होतं. मग गोड पावाचे तुकडे भरवत तिनं लेकीकडून वीस वेळा घोकून घेतलं होतं. 'झोप', पुढे 'घर'. वीसही वेळा बरोबर आलं होतं.

यारेत्सीनं पट्टीवर 'मी' लावलं. मग 'झोप'. तिचं बोट घराच्या चित्रावर आलं, तेव्हा एर्मिनियानं श्वास सोडला. बोट तिथं थांबलं नाही. ते व्हॅनच्या चित्राच्या रिकाम्या चौकोनावर गेलं आणि तो चौकोन घासू लागलं. पोरीनं मान वर करून आईकडे पाहिलं.

"घर, बाळा. घर लाव ना," एर्मिनिया कुजबुजली.

यारेत्सीनं सरळ आईच्या खिशात हात घातला, चित्र काढलं आणि पट्टीवर ठामपणे दाबलं. मी. झोप. व्हॅन.

ओफेलियाबाईंनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा एर्मिनियाकडे, आणि फोन उचलला. इतका वेळ एर्मिनियाच्या भाषेत बोलणाऱ्या त्या आता भराभर इंग्रजीत बोलत होत्या. एर्मिनियाला 'मूल' आणि 'आजच' एवढंच कळलं. तिनं लेकीला छातीशी ओढलं. दार सात पावलांवर होतं. पोरीला उचलून पळता येईल का? पण पळून जाणार कुठे?

"नेऊ नका हो हिला," ती हुंदके देत म्हणाली. "दोन आठवड्यांत खोली मिळतेय. मी उपाशी राहीन, पण हिला नेऊ नका."

बाईंनी फोन ठेवला. दोन्ही मंडळांच्या पत्रांचा गठ्ठा उचलून त्यांनी खणात टाकला.

"अहो, आधीच का नाही सांगितलंत? तुम्ही पत्ता दिलात, म्हणून आम्ही पत्त्यावरून भांडत बसलो. ज्याला घर नाही त्याच्याकडे कायद्यानं आम्ही कागद मागतच नाही. जिथं झोपतो तिथली शाळा, त्याच दिवसापासून. व्हॅन कालव्याच्या कुठल्या बाजूला लावता?"

"अलीकडे," एर्मिनिया म्हणाली. "कपडे धुवायच्या दुकानामागे."

बाईंनी पत्त्याचा रकाना खोडून त्यात तेच लिहिलं.

"म्हणजे आमचीच. उद्या सकाळी सातला बस तिथं येईल, हिच्यासोबत बसायला माणूस घेऊन. तुम्ही फक्त एक करा," बाई म्हणाल्या. "तोवर व्हॅन हलवू नका."