पहिल्यासारखं

दोन दिवसांसाठी बंगळूरहून कार्ल्याला आलेल्या माऊलीनं आजोबांच्या घरचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. विंडोजला अपडेट येणं बंद झालं होतं, म्हणून त्यानं पेनड्राइव्ह लावून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम चालवून दाखवली.

“आबा, सध्या नुसतं वापरून बघा. आवडलं तर पुढच्या खेपेला कायमचं टाकून देतो.”

मग शेजारी बसून त्यानं गेणूआबांना स्क्रीनवर पत्ते खेळायला शिकवलं. दोघांचा फोटो काढून तोही स्क्रीनवर लावला.

“आन् न्हाई आवडलं तर?”

“बंद करून पेनड्राइव्ह काढायचा. यातलं काहीच उरत नाही. सगळं पहिल्यासारखं.”

रविवारी संध्याकाळी आबा त्याला फाट्यावर पुण्याच्या बसमध्ये बसवून आले.

बुधवारी माऊलीचा फोन आला.

“आबा, मागं घरघर कसली येतेय?”

“तुजा कॉम्प्युटर हाय.”

“पत्ते खेळताय का?”

“न्हाई. तू गेल्यापास्नं चालूच ठिवलाय.”

“रविवारपासून? अहो, मग बंद का नाही केला?”

“बंद केला की समदं पयल्यासारखं हुतं, तूच म्हणालतास न्हवं?”