पंचवीस मिनिटं

“जेवायला पंचवीस मिनिटं?” सगळे जिला जाडी म्हणत, तिचा घास हातातच राहिला. “तुरुंगात?”

“तुरुंगातच,” बाई म्हणाल्या आणि पुस्तक तिच्यासमोर धरलं. “वाच ना तूच. ‘भोंगा वाजल्यावर पंचवीस मिनिटं कैद्यांकडे कोणी बघत नसे.’”

टेबलाभोवती हशा पिकला. पार्सलं भरायच्या त्या गोदामात जेवणाची सुट्टी अठरा मिनिटांची होती, आणि त्यातली चार हात धुण्याच्या रांगेत जायची.

बाई एकेकाळी शाळेत शिकवायच्या. शाळा बंद पडली तशा त्या इथे पॅकिंगला लागल्या. रद्दीच्या दुकानात त्यांना ही कादंबरी सापडली होती. मुखपृष्ठ कधीच फाटून गेलेलं. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी पुढच्या काळाची धास्ती घेऊन लिहिलेली. एक देश, त्यात खाणीवरची बंदिशाळा, दंडावर नंबर गोंदलेली माणसं. आठवडाभर बाई जेवताना दोन-चार पानं वाचून दाखवत होत्या. पहिल्या दिवशी ऐकणारे दोघं होते. आता लोक डबे हातात घेऊन उभ्याने ऐकत होते.

“संडासाचं काय म्हटलंय?” मागून कोणीतरी विचारलं.

“सात मिनिटं झाली की पहारेकरी दार वाजवतो.”

“सात!” जाडीने कपाळाला हात लावला. इथे प्रत्येकाच्या मनगटावर कंपनीचा पट्टा होता, तो चौथ्या मिनिटाला थरथरायचा. हात चाळीस सेकंद थांबले तरी थरथरायचा. दिवसात तीनदा थरथरला की दुसऱ्या दिवशीची पाळी आपोआप रद्द.

“पहारेकऱ्याला डुलकी तरी लागत असेल,” गोदामातले सगळ्यात जुने आजोबा म्हणाले. “याला कुठे लागते?” आणि मनगट पुढे केलं.

या वेळी कोणी हसलं नाही. जाडीने हळूच विचारलं, “बाई, त्या तुरुंगात भरती कशी होते?” मग मात्र असा हशा उठला की पलीकडच्या टेबलावरचे लोकही उठून आले.

त्या हशातच ते ठरलं. पहिल्यांदा कोण बोललं ते नंतर कुणालाच सांगता येईना. चिकटपट्टीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला गेला. बाईंनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘साठ वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीत कैद्यांना जे मिळतं, तेवढं आम्हाला मिळावं. एक, जेवायला पंचवीस मिनिटं. दोन, संडासाला सात मिनिटं. तीन, आजारी माणसाला पाळी रद्द होण्याची भीती नको.’

मागच्या वर्षी तक्रार केलेल्या तिघांचे पट्टे दुसऱ्या दिवशी फाटकावर चाललेच नव्हते, नोकरी गेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पुठ्ठा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत गेला, आणि सुट्टी संपायच्या आत त्यावर एक्केचाळीस सह्या झाल्या. बाईंना वाटलं, इतकी मन लावून ऐकणारी मुलं शाळेतही कधी मिळाली नव्हती.

सुपरवायझरला सगळे पाठीमागे ‘घड्याळ’ म्हणायचे. त्याचा आवाज चढत नसे, पाय थांबत नसत. बाई पुठ्ठा घेऊन त्याच्या काचेच्या खोलीत गेल्या. आजोबा आणि जाडी दाराशी उभे राहिले.

त्याने उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या. “सह्या करणाऱ्यांना काही करू नका, साहेब. पुस्तक माझं आहे.”

“बघू.”

त्यांनी पुस्तक दिलं. जेवणाचं पान उघडून दाखवलं. घड्याळ ओळीवरून बोट फिरवत राहिला. बाहेर पट्टे एकामागून एक थरथरू लागले होते. सुट्टी संपली होती आणि तरीही कोणी जागेवर गेलं नव्हतं. काचेतून सगळे इकडेच बघत होते.

“आणि मुकादमाला?” त्याने विचारलं.

बाईंना कळेना. “कुठल्या मुकादमाला, साहेब?”

“यातल्या.” त्याने छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “यातल्या मुकादमाला जेवायला किती मिनिटं आहेत?”

बाईंना ते प्रकरण पाठ होतं. “त्याला मिनिटं नाहीत,” त्या म्हणाल्या. “तो जेवायला घरी जातो. मुलांसोबत बसतो.”

घड्याळ खुर्चीत बसला. दाराशी आजोबांनी जाडीकडे पाहिलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्याला बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं, तिसऱ्या मागणीखाली स्वतःच्या हाताने चौथी लिहिली, आणि एक्केचाळीस सह्यांखाली आपली सही केली.