परतीचं पाकीट

टपालानेच गोष्टी स्वीकारणाऱ्या मासिकाकडून आलेलं पाकीट आश्लेषाने मेलबॉक्समधून काढलं. गोष्टीसोबत तिनेच स्वतःचा पत्ता लिहून, स्टॅम्प लावून ते पाठवलं होतं. साताऱ्याहून अमेरिकेत ट्रॉयला आलेल्या सासूबाईंनी हातावर तोललं. “पातळ आहे. म्हणजे गोष्ट ठेवून घेतली. नापसंत असती, तर पानं परत आली असती.” आश्लेषा चमकली. “आई, हे तुम्हाला कसं माहीत?” “लग्नाआधी मीही दिवाळी अंकांना गोष्टी पाठवायचे. नेहमी जाड पाकीट यायचं.” “आणि लग्नानंतर?” “एकदाच पाठवली, कुणाला न सांगता. परतीच्या पाकिटावर सवयीने माहेरचं नाव लिहिलं. मामंजींनी पोस्टमनला सांगितलं, ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही.’” पाकीट फोडायचं विसरून आश्लेषाने विचारलं, “तुम्ही काहीच बोलला नाहीत?” “नवी सून होते मी. स्वयंपाकघराच्या दारातून नुसती बघत होते.” त्यांनी आश्लेषाच्या हातातल्या पाकिटावरून बोट फिरवलं. “तेही पातळ होतं गं.”