महिनाभर थांबा

"शुगर दोनशे अठ्ठ्याहत्तर," नर्स म्हणाली आणि न्यूमोनियानं खाटेला खिळलेल्या दिलावरच्या तोंडचं पाणी पळालं. साठीपर्यंत ज्याला साधी गोळी ठाऊक नव्हती, त्याच्या मागं आता जन्माचं दुखणं लागलं म्हणायचं.

पण डॉक्टर जयमालाबाईंनी रिपोर्ट नीट पाहिले. "घाबरू नका, चाचा. आजार जोरात असला की शुगर अशी चढते. तुमची तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे. बरे झालात की महिना-दीड महिन्यानं परत तपासू. तापातल्या एका आकड्यावरून डायबेटिसचा शिक्का मारायचा नसतो."

"तरन्या पोरीची बी चढती व्हय?"

"चढते की. का हो?"

"उगं इचारलं," दिलावर पुटपुटला. बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. उशाशी त्याचा पोरगा परवेझ मोसंबी सोलत बसला होता; त्याच्याकडं बघायची बापाची छाती होईना.

गेल्या पावसाळ्यात परवेझची ठरलेली नवरी, बेलापूरची तमन्ना, डेंग्यूनं अशीच दवाखान्यात पडली होती. दिलावर डाळिंबं घेऊन भेटायला गेला आणि खाटेला अडकवलेला कागद वाचून आला. शुगर दोनशे चाळीस. मोठा शहाणा! घरी पोचायच्या आत त्यानं फोनवरच मंगनी मोडली. पोरीचा बाप काकुळतीला आला, "डॉक्टर म्हनत्यात तापाची असंल. महिनाभर थांबा, दिलावरभाई." त्यावर यानं काय बोलावं? "थांबून साखरेचं मीठ व्हनार हाय का?" उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून वर हसलाही होता. ते हसणं आता आठवलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"परवेझ," तो म्हणाला, "माझं चुकलं रं. लई चुकलं. बेलापूरला फोन लाव. मी हात जोडतो त्यांना."

परवेझ मोसंबीचे दोरे काढत राहिला.

"महिन्याभरानं तिची शुगर नॉर्मल आली हुती, अब्बा. तिच्या भावानं मला रिपोर्ट धाडला हुता."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमच्यापुढं त्या घराचं नाव काढायचं धाडस झालं न्हाई." त्यानं फोड बापाच्या हातावर ठेवली. "तवर शुगरवाली पोरगी म्हनून चार गावांत बोभाटा झाला हुता. खर्ड्याच्या बिजवराला दिली तिला. दोन लेकरं हायेत त्याची. आता सांगा, फोन कुठं लावू?"