कॅमेऱ्यात दिसलेलं

पैठणी चोरीला गेली होती, आणि त्या काउंटरवर कुंदा एकटीच होती. सोळा वर्षं साड्या उलगडून दाखवणाऱ्या बाईची पिशवी शेठनी सगळ्यांसमोर उपडी केली. डबा निघाला, चष्मा निघाला. पैठणी निघाली नाही.

"कॅमेरा बघा," कुंदाच म्हणाली.

सगळे स्क्रीनभोवती जमले. दुपारची वेळ, दुकान रिकामं. लग्नाचा हिरवा शालू खांद्यावर घेऊन कुंदा आरशात स्वतःकडे पाहत होती, लाजत होती. नवरा जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती. कुणीतरी हसू दाबलं. कुंदा खाली बघत राहिली. पुढे चारच्या सुमारास एका गिऱ्हाइकानं पैठणी ओढणीखाली सरकवलेली स्पष्ट दिसली.

"चुकलं माझं," शेठ हात जोडून म्हणाले. "पण कॅमेऱ्यानं वाचवलं तुम्हाला, कुंदाताई."

"वाचवलं खरं." तिनं डबा पुन्हा पिशवीत भरला. "पण तो शालू मी कुणाला दाखवायला नव्हता घेतला, शेठ."

शेठनी तेवढा भाग लगेच पुसायला लावला. कुंदा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आली. त्या दिवशी कुणालाच तिच्याकडे सरळ बघवेना.